येशूच्या आजोळी

मार्थाताईंनी माझ्या फ्रिजमधला पावाचा अख्खा पुडा गल्लीतल्या कुत्र्यांना घातला, तेव्हा मी कोर्टासमोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात होते. संध्याकाळी घरी आले तर पाव नाही, रात्री आंबवून ठेवलेलं इडलीचं पीठ नाही आणि मार्थाताई माझ्याच स्वयंपाकघरात टॉर्च घेऊन फडताळामागे वाकलेल्या. शेजारी म्हणून माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. तिचा असा उपयोग होईल हे मला ठाऊक नव्हतं.

"खमीर शोधतेय," त्या मान न वळवता म्हणाल्या. "तुझ्या घरात फार आहे गं, नीलिमा."

त्यांचा वल्हांडणाचा सण जवळ आला होता आणि त्या सणाला घरात आंबवलेलं काही ठेवायचं नसतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "सण तुमचा, पण घर माझं आहे ना?"

"भिंत एकच आहे. तुझ्याकडची झुरळं माझ्याकडे येतात, तर खमीर येणार नाही?"

माझा स्वभाव तसा तापट आहे. पावावरून मी भांडले असते तर सगळी गल्ली जमा झाली असती. पण मार्थाताईंशी भांडायला बसलं की पाचव्या मिनिटाला आपणच हसायला लागायचो, आणि हसलेल्या माणसाला पावाचे पैसे मागता येत नाहीत.

त्या मूळच्या नगरकडच्या, पिढीजात ख्रिस्ती. नर्स म्हणून महाडला बदली झाली आणि इथल्याच होऊन गेल्या. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून त्या इतकी वर्षं फिरल्या होत्या की रस्त्यात मिशीवाले बाप्ये त्यांना बघून अजून दंड चोळायचे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. महापुरात जुन्या घरात चिखल भरला तेव्हा त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या. त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सात-आठ ख्रिस्ती कुटुंबांची उपासना भरायची. आमच्या महाडात मोठं चर्च नाही, ही खोली हेच चर्च. रविवारी सकाळी गाणी, मग दुपारपर्यंत जेवणं, पोरांचा धुडगूस. "माझं गणगोत रविवारी जन्माला येतं आणि रविवारीच घरी जातं," असं त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण शनिवारी त्यांची चाललेली लगबग मी भिंतीपलीकडून ऐकायचे. त्यांना त्या माणसांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

आणि त्या नकला करायच्या. नुसता आवाज नव्हे, त्या माणसाचा मणकासुद्धा काढायच्या. तलाठी, डेपोतला अनाउन्सर, मी. माझी नक्कल त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर केली तेव्हा तो हसून हसून कॉटवरून खाली आला. मी दोन दिवस दोघांशीही बोलले नाही.

हे सणांचं खूळ त्यांच्या डोक्यात निवृत्तीनंतर शिरलं. एकदा मला म्हणाल्या, "आमच्या येशूच्या सासरचं मला सगळं पाठ आहे. रोमचं काय, इंग्लंडचं काय, आमच्या नगरच्या मिशनचं काय. पण त्याच्या आईच्या घरी काय शिजत होतं, हे कोणी सांगतच नाही. मला येशूच्या आजोळी जाऊन यायचंय."

"येशूला सासर कुठलं?" मी विचारलं.

"आम्हीच की. आम्ही त्याला घरजावई करून घेतलाय. माहेरचं नाव काढू देत नाही बिचाऱ्याला."

झालं. वर्षभराचे यहुदी सण त्यांनी बायबलातून काढले आणि एकेक करायला घेतले. बिनखमिराची भाकर लागते हे वाचून त्यांना कोण आनंद झाला! "तांदळाची भाकरी गं! म्हणजे अख्खं कोकण बारा महिने वल्हांडण करतंय आणि कोणाला पत्ता नाही." कडू भाजी हवी म्हणून कारली आणली. द्राक्षारसाला कोकम सरबत. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी उपासनेच्या सगळ्या मंडळींना त्यांनी या जेवणाला बोलावलं. मलाही बोलावलं, बहुधा पावाची भरपाई म्हणून.

त्या संध्याकाळी जे घडलं त्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून नीट सांगते.

मंडळींचे पुढारी होते पौलस मास्तर. पोलादपूरला राहणारे, निवृत्त शिक्षक, ताठ, पांढराशुभ्र सदरा, वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. माणूस सरळ, पण त्यांची प्रार्थना एकदा सुरू झाली की भात गार व्हायचा. त्या दिवशी त्यांची एसटी आली नव्हती आणि त्यांच्या प्रार्थनेशिवाय ताटाला हात लावायचा नाही असा रिवाज. पोरं भुकेने रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, तोवर तुम्हीच करा मास्तरांची प्रार्थना."

मार्थाताई उठल्या. गळ्याशी नसलेलं बटण लावलं, डोळे मिटले आणि मास्तरांच्या खर्जात सुरू झाल्या. "हे स्वर्गातील थोर पित्या, आज आम्ही, म्हणजे जे आम्ही येथे आहोत, आणि जे आम्ही येथे नाही आहोत, आणि ज्यांची एसटी पोलादपूर डेपोतून सुटलेली आहे, परंतु पोहोचलेली नाही, त्या चालकास, त्या वाहकास, आणि त्या खिडकीशेजारील प्रवाशास, ज्याने खिडकी उघडी ठेवलेली आहे, हे पित्या…" पोरं रडायची थांबली. बायका पदर तोंडात कोंबून बसल्या. मी तर भिंतीला डोकं टेकून हसत होते. शेवटच्या आमेनला सगळ्यांनी डोळे उघडले, तर दारात मास्तर उभे.

मास्तर चपला न काढता म्हणाले, "ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्रातून मोकळं केलं. आणि इथे परत यहुद्यांचे सण चाललेत. अशा घरात उपासना होणार नाही." पुढच्या रविवारपासून उपासना पोलादपूरला, त्यांच्या घरी भरू लागली. मंडळींना मास्तरांचा शब्द मोडवेना. एसटी पकडून सगळे तिकडे जाऊ लागले.

मार्थाताईंनी गल्लीभर सांगितलं की हा शास्त्राचा वाद आहे. मास्तरही तेच सांगत. शास्त्राचा वाद म्हटलं की दोघांचीही इभ्रत राहत होती. नक्कल बघितलेले आम्ही सगळे गप्प होतो.

रविवारी सकाळी त्या एकट्याच गाणी म्हणायच्या, खिडकी उघडी टाकून. मी एकदा सांत्वनाला गेले तर म्हणाल्या, "बस. आज हजेरी शंभर टक्के आहे." मोठं पातेलं त्यांनी माळ्यावर टाकलं होतं. मला त्या मास्तरांचा इतका राग आला की त्यांच्या घरी जाऊन चार शब्द सुनावावेत असं वाटलं, पण मार्थाताईंनी मला ओट्यावरच बसवून ठेवलं.

पण सण त्यांनी सोडले नाहीत. उलट हट्टाला पेटल्या. याच सुमारास त्यांना बिन्यामीनकाका सापडले. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूला एका खेड्यात उरलेलं शेवटचं यहुदी घर. काकांच्या वाडवडलांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचं. मुलं इस्राएलला, काका इथे, सोबतीला बी. पी. बी. पी. तपासून घ्यायला ते मार्थाताईंकडे यायचे आणि शौकतभाईंच्या रिक्षाने वीर स्टेशनला परत जायचे. मार्थाताई दंडाला पट्टा आवळून ठेवायच्या आणि तो सोडायच्या आत सगळे प्रश्न विचारून घ्यायच्या.

"सिस्टर, आमी सण करतो," काका एकदा म्हणाले, "तुमी तर परीक्षेला बसल्यासारखा करता. आन शेजारणीचा पाव कशाला टाकलात? आपल्या घरातलं काढायचं. दुसऱ्याच्या घरातला पाव दुसऱ्याचा."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेली नाही. मी दुसऱ्या दिवशी काकांना इडल्या पाठवल्या.

यहुद्यांच्या नव्या वर्षाला शिंग फुंकतात हे कळल्यावर मार्थाताई मटणवाल्याकडून बोकडाचं शिंग घेऊन आल्या. एडक्याचं हवं होतं, पण आपल्याकडे मिळतं ते. तीन दिवस त्या शिंगाच्या वासाने गल्लीत राहता येईना. चौथ्या दिवशी त्यांनी जोर काढून फुंकलं. शिंग वाजलं नाही, पण कुत्री भुंकायला लागली आणि मार्थाताई म्हणाल्या, "चला, कर्णे वाजले." मी नाक धरून बसले होते.

मग आली दारफळणी. काकांच्या लोकांत प्रायश्चित्ताच्या दिवसाला हे आपलं मराठी नाव. पांढरे कपडे, दारं बंद, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. मार्थाताईंनी पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. काका बी. पी.ला आले तेव्हा त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, "मास्तरकडं जाऊन आलात?"

"मी कशाला जाऊ?"

"देवाचा गुन्हा असला तर देव माफ करतो. माणसाचा असला तर त्या माणसाकडं आधी जावा लागतंय. देव मधी पडत नाय."

"चूक त्यांची आहे. रविवार त्यांनी पळवला."

"ती त्यांची. तुमची तुमच्यापाशी. नायतर उपास करू नका सिस्टर, नुसतं पित्त होईल."

मार्थाताईंनी पट्टा इतका फुगवला की काका ओरडले. नंतर सबंध आठवडा त्या धुसफुसत होत्या. आदल्या दिवसापर्यंत जायला हवं होतं, त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी उपास धरला. दुसऱ्या दिवशी चार वाजता, जेव्हा दार लावून आत बसायचं, तेव्हा पांढऱ्या साडीत माझ्या दुकानासमोर उभ्या. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. "शटर ओढ. पोलादपूरला जायचंय. एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत येईन."

मास्तरांच्या दारात त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली, आत बोलवायची वाटही पाहिली नाही. "मास्तर, मी तुमची नक्कल केली. सगळ्यांसमोर केली. ती फार चांगली जमली, ते पाप वेगळं. चुकले मी. मला क्षमा करा."

मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला. मग म्हणाले, "खिडकी मी उघडी ठेवली नव्हती. ती लागतच नव्हती."

"ते प्रार्थनेतून वगळते," मार्थाताई म्हणाल्या.

मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "क्षमा केली, सिस्टर. आत या."

मास्तरांच्या बायको सुमतीबाई या क्षणाची सहा महिने वाट पाहत असाव्यात. त्या डोळे पुसत आत गेल्या त्या चहा आणि पोहे घेऊनच आल्या. आता आली पंचाईत. आपल्याकडे भांडण मिटल्यावर त्या घरचं काही तोंडात घातलं नाही तर मिटलं असं कोणी धरत नाही. आणि मार्थाताईंचा उपास सुटायला अजून दोन तास होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुमतीबाईंकडे पाहिलं, आणि कप उचलला.

"ठेवा तो," मास्तर म्हणाले. "आज तुमचा तो दिवस आहे ना? तारे दिसेपर्यंत?"

मार्थाताईंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"खोडून काढायचं तर आधी वाचावं लागतं." आणि त्यांनी आपलाही कप बाजूला सारला. "आता पाहुणा उपाशी आणि मी खातोय, हे बरं दिसत नाही."

"अगं बाई, म्हणजे आता दोघं उपाशी?" सुमतीबाई म्हणाल्या. पोहे मी खाल्ले. दोन्ही बशा. मी हिंदू आहे, माझी एकादशीही नव्हती आणि पोह्यांवर ओलं खोबरं होतं.

मग आम्ही ओट्यावर ताऱ्यांची वाट पाहत बसलो. पोलादपूरचं आकाश तुम्हाला माहीत असेल तर त्या दिवसांत तिथे तारे दिसणं म्हणजे काय ते कळेल. महाबळेश्वराकडून उतरलेले ढग कौलांना टेकलेले. अंधार पडला तरी वर सगळं गुळगुळीत काळं. घाटात गाड्यांचे दिवे लुकलुकायला लागले.

"ते बघा तीन," सुमतीबाई म्हणाल्या. "सोडा आता."

"वाहनांचे दिवे चालणार नाहीत," मास्तर गरजले. "तारे म्हणजे तारे."

नियमशास्त्रातून मोकळा झालेला हा माणूस! मार्थाताईंनी पदराआड हसू दाबलं ते मला दिसलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, ढगामागे तारे आहेतच. विश्वासाने धरू या."

"विश्वास वेगळा, नियम वेगळा."

शेवटी सुमतीबाईंनी वाईला बहिणीला फोन लावला. घाटापलीकडे आकाश मोकळं असतं. बहीण गच्चीत गेली आणि ओरडून म्हणाली, "तीन काय, मोजता येत नाहीत एवढे आहेत! झालंय काय तुम्हाला?" वाईचे तारे पोलादपूरला चालतील का यावर मास्तरांनी थोडा विचार केला. मग त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणला आणि पहिला मार्थाताईंपुढे धरला.

निघताना मार्थाताई पायरीवर थांबल्या. "मास्तर, माझं झालं. तुमचं एक राहिलंय माझ्याकडे मागायचं. रविवारचं."

मास्तर आखडले. "पाहू."

"घाई नाही. पुढच्या दारफळणीला तुमची पाळी."

पुढचा रविवार मार्थाताईंच्या खोलीत भरला. मास्तर काही बोलले नाहीत, नुसते नेहमीच्या वेळी येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. माळ्यावरचं पातेलं मी काढून दिलं. पाठोपाठ आलेल्या मांडवांच्या सणाला तर पोलादपूरहून बांबू मास्तरांनीच पाठवले. मार्थाताईंनी अंगणात झावळ्यांचा मांडव घातला आणि येणाजाणारा विचारू लागला, कोणाचं लग्न? त्या सांगायच्या, "माझंच. नवरा मुलगा पोलादपूरहून येतोय." हे मास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी त्या रविवारी इतकी लांब प्रार्थना केली की सूड म्हणजे काय ते मला समजलं.

जूनमध्ये मार्थाताई गेल्या. झोपेतच. सकाळी त्यांचं दार वाजवलं, उघडलं नाही, मग माझ्याकडे असलेल्या त्यांच्या किल्लीने मीच उघडलं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. त्या फार आवडायच्या मला, एवढं लिहिते.

त्या वर्षीच्या दारफळणीच्या आदल्या दिवशी पौलस मास्तर माझ्या दुकानात आले. हातात झेरॉक्स करायचं काही नव्हतं. बरणीतलं एक पेन काढून त्यांनी परत ठेवलं.

"नीलिमाताई, आज माझी पाळी होती," ते म्हणाले. "आता कोणाकडे मागू?"

मी बिन्यामीनकाकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, "आमच्यात त्याचीपण रीत हाय. धा माणसं न्यायची कबरीपाशी. त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं. मी येतो."

"दहा ख्रिस्तीच हवेत का?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्यात यहुदी लागतात. ती आणायची कुठून? तुमी मिळतील ती आणा."

कामाचा दिवस होता. मास्तर, सुमतीबाई, उपासनेतले चौघे, मी, काका, त्यांना घेऊन आलेले शौकतभाई, असे नऊ झाले. दहावा कबरस्तानातच गवत काढत होता. तो म्हणाला, "सिस्टरच्या नावानं होय? मंग थांबतो की." विळा खाली ठेवून तो आमच्या शेजारी उभा राहिला.

मास्तरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता संध्याकाळ होणार. पण ते एवढंच म्हणाले, "मार्थाबाई, रविवार मी तुमच्या घरातून उचलून नेला. शास्त्रासाठी नेला नाही, रागाने नेला. तुम्ही सहा महिने एकट्या बसलात. माझं चुकलं."

काकांनी आम्हाला खूण केली. आम्ही सगळे एकदम म्हणालो, "माफ आहे." शौकतभाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. मास्तर तसेच उभे होते, वरचं बटण लावून, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला मार्थाताईंचा राग आला. एवढं ऐकायला तरी थांबायचं होतं.

फाटकातून बाहेर पडताना मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशीची नक्कल खरंच चांगली होती?"

"हुबेहूब," मी म्हटलं.

"होतीच," ते म्हणाले. "मी सुरुवातीपासून दारात उभा होतो. मध्ये थांबवायला मन झालं नाही."